गो रिंग नक्की अडली कुठे? एम१६ च्या सहाशे पिनांचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, तीन सीएनसी, दोन साधे लेथ, एक मिलिंग आणि क्वालिटीला मी एकटी. हे प्रकरण दिवाळीच्या आधीचं आहे आणि ते पूर्ण लिहून ठेवतेय कारण आट्यांच्या तपासणीत ज्या ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो त्या जवळजवळ सगळ्या या एका लॉटमध्ये उघड्या पडल्या.

जॉब असा होता, ईएन ८ स्टीलची पिव्हट पिन, एका बाजूला एम१६ × १.५ चे (म्हणजे १६ मिमी डायमीटर आणि शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, १.५ मिमी) बाहेरचे आटे, २५ मिमी लांबीचे, टॉलरन्स ६जी (माप किती कमीजास्त चालेल त्याची ठरलेली पट्टी), आणि वरून झिंक प्लेटिंग ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). सहाशे पीस. ड्रॉइंगमध्ये एवढंच लिहिलेलं, प्लेटिंगच्या आधीचं माप की नंतरचं याबद्दल एक अक्षर नाही. आम्ही आटे मारले, ६जी च्या गो रिंगने (आतून आटे असलेली गेज, ती आट्यांवर फिरत जायलाच हवी) आणि नोगो रिंगने (ती पूर्ण जायला नको) चेक केले, सगळे पास, प्लेटिंगला गेले, आले, पॅक झाले आणि चाकणच्या कस्टमरकडे रवाना. तिसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, तुमचा अख्खा लॉट होल्ड आहे, गो रिंग जातच नाहीये."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणजे फोन बुधवारी संध्याकाळी आला आणि शुक्रवारी सकाळी लॉट परत आमच्या दारात. मालक वैतागलेले होते, आणि पहिलं वाक्य त्यांचं हेच की "डाय मारून घ्या ना सगळ्यांना, दोन दिवसात काढू." मी म्हटलं साहेब, नका, प्लेटिंग झालेल्या आट्यांवर डाय फिरवली की फ्लँकवरचं, म्हणजे आट्याच्या तिरक्या बाजूवरचं, झिंक खरवडून निघतं आणि मग तो पीस पावसाळ्यात तिथूनच गंजतो, शिवाय का अडतंय ते कळायच्या आधी आपण पुरावाच पुसून टाकू. ते थांबले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता पहिली शंका गेजवर. गो रिंग वापरून वापरून झिजते, आतून मोठी होते, आणि झिजलेली गो रिंग मोठा जॉबसुद्धा पास करते. म्हणजे आमच्याकडे पास आणि चाकणला फेल याचं सगळ्यात सोपं उत्तर हेच असू शकलं असतं. आमच्या रिंगबरोबर वेअर चेक प्लग (रिंगची झीज तपासायचा आटेदार प्लग) आहे तो लावून पाहिला, तो आत जायला नको, नाही गेला. म्हणजे रिंग ठीक. कस्टमरच्या रिंगचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेटही मागवून बघितलं, तेही ठीक होतं. दोघांच्या रिंगा बरोबर असताना पीस एकीकडे जातो आणि एकीकडे नाही, म्हणजे मधे काहीतरी घडलं, आणि मधे घडलेली गोष्ट एकच होती, प्लेटिंग.

इथे थोडं गणित सांगते कारण माझ्या अनुभवात याच ठिकाणी बरेच जण चुकतात. गोल शाफ्टवर ८ मायक्रॉन प्लेटिंग चढलं की डायमीटर १६ मायक्रॉनने वाढतो, दोन बाजू, सरळ हिशोब. आट्यांवर तसं होत नाही. आट्याचा फ्लँक ६० अंशाच्या खोबणीत तिरका असतो, त्यामुळे फ्लँकवर जेवढी जाडी चढते त्याच्या चौपट पिच डायमीटर (आट्याच्या उंचीच्या साधारण मधला डायमीटर, जिथे आटा आणि खाच सारख्याच रुंद असतात) वाढतो. म्हणजे ८ मायक्रॉन झिंकला पिच डायमीटर ३२ मायक्रॉनने वर. आणि गंमत बघा, १.५ पिचला ६जी ची जी सूट असते, म्हणजे बेसिक, मूळ मापापासून खाली जी जागा सोडलेली असते, तीसुद्धा बरोबर ३२ मायक्रॉनच आहे. ही जागा प्लेटिंगसाठी वापरता यावी अशीच ती टॉलरन्सची रचना आहे.

आकडे असे. एम१६ × १.५ चा बेसिक पिच डायमीटर १५.०२६. ६जी मध्ये जास्तीत जास्त १४.९९४ आणि कमीत कमी १४.८५४. आयएसओ ९६५ हे आट्यांच्या टॉलरन्सचं स्टँडर्ड म्हणतं की वेगळं काही लिहिलं नसेल तर टॉलरन्स कोटिंगच्या आधीच्या मापाला लागू, आणि कोटिंगनंतर आटा एच पोझिशनची (जिथे ती सूट शून्य असते) वरची हद्द ओलांडता कामा नये, म्हणजे बोल्टसाठी ६एच लहान लिपीतला, १५.०२६. थोडक्यात प्लेटिंगच्या आधी ६जी ची गो रिंग आणि प्लेटिंगनंतर लहान ६एच ची गो रिंग. (मोठ्या लिपीतला एच नटाचा, लहान लिपीतला बोल्टचा, हे फोनवर बोलताना हमखास गोंधळतं, म्हणून मी नेहमी "बोल्टवाला एच" म्हणते.)

चाकणच्या इनवर्डला, म्हणजे आलेला माल तपासतात तिथे, प्लेटिंग झालेल्या पिनांवर ६जी ची गो लावली होती. ती न जाणं साहजिक होतं. मी तिथल्या क्वालिटीच्या साहेबांशी बोलले, भांडायला नाही, स्टँडर्डमधलं ते कलम आणि चौपटीचा हिशोब कागदावर लिहून घेऊन गेले. साहेबांनी शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले, "मॅडम, मान्य, पण मग ६एच ची रिंग आणा आणि माझ्यासमोर लावून दाखवा." ही मागणी अगदी योग्य होती. आमच्याकडे ती रिंग नव्हतीच. एका ओळखीच्या टूलरूममधून दोन दिवसांसाठी मागून आणली.

मला वाटलं होतं विषय इथे संपला. नाही संपला. सहाशेतले ५५७ पीस ६एच च्या रिंगमधून गेले आणि ४३ अडले.

आता खरी तपासणी सुरू झाली. मी ते ४३ पीस टेबलावर मांडले आणि एकेक हातात घेऊन रिंग फिरवली, आणि हा भाग जरा सावकाश सांगते कारण रिंग फक्त हो किंवा नाही म्हणते असं समजून लोक हातातली अर्धी माहिती फेकून देतात. आधी आटे ब्रशने साफ करायचे, मग धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसायचे, कॉटन वेस्ट नको कारण त्याचा एक तंतू आट्यात बसला तरी रिंग घट्ट लागते. पातळ तेलाचा एक थेंब. रिंग दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायची, मुठीत नाही. बोटांच्या ताकदीने जेवढी जाते तेवढीच खरी, पान्हा किंवा व्हाइस लावून गेज घालणं म्हणजे महागड्या गेजची डाय करून वापरणं.

आणि मग लक्ष द्यायचं की अडते कशी. सुरुवातीलाच तोंड धरत नसेल तर पिच डायमीटर मोठा आहे नाहीतर पहिल्या आट्यावर बर (कापताना राहिलेली धारदार कड) किंवा प्लेटिंगचा जाड थर आहे. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी खट्कन अडत असेल तर तिथे ठोका बसलाय, प्लेटिंगच्या बॅरलमध्ये पिना एकमेकांवर आपटतात त्याचा. आणि सुरुवातीला तीन चार फेरे अगदी मोकळी जाते आणि मग हळूहळू घट्ट घट्ट होत जाते, तर संशय पिचवर घ्यायचा, कारण रिंगमध्ये जेवढे जास्त आटे एकदम गुंततात तेवढी पिचमधली चूक साठत जाते.

४३ पैकी ९ पीस पहिल्या प्रकारचे निघाले, तोंडालाच अडणारे. आणि ३४ पीस तिसऱ्या प्रकारचे, मोकळे जाऊन मग जाम होणारे. दोन वेगळे आजार होते आणि वरून लक्षण एकच, गो जात नाही.

आधी ते ९. प्लेटिंगवाल्या काकांकडे गेले, तेही भोसरीतच, वीस वर्षं त्यांचा हा धंदा. त्यांनी जाडीचा रिपोर्ट दाखवला, ८ ते ९ मायक्रॉन, सगळं व्यवस्थित. मी विचारलं काका, हे माप घेतलं कुठे? तर पिनेच्या सपाट डोक्यावर. तिथे मोजणं सोपं असतं म्हणून सगळेच तिथे मोजतात. पण प्लेटिंगचा करंट टोकाला, कडांना आणि आट्यांच्या शिखरांना जास्त जमतो, तिथे थर जाड चढतो आणि सपाट भागावर कमी. आमच्या पिनेचे आटे नेमके टोकाला. आम्ही एक पीस उभा कापून माउंट करून पॉलिश केला आणि मायक्रोस्कोपखाली बघितला, पहिल्या दोन आट्यांच्या फ्लँकवर १२ ते १३ मायक्रॉन. १२ चं चौपट ४८. म्हणजे प्लेटिंगच्या आधी पिच डायमीटर १४.९७८ च्या वर असला की प्लेटिंगनंतर १५.०२६ च्या वर जाणार, रिंग अडणार.

मग आमचे आटे प्लेटिंगच्या आधी किती होते? आम्ही दर दोन तासांनी एक पीस वेळेची चिठ्ठी लावून ट्रेमध्ये बाजूला ठेवतो, तो प्लेटिंगला जात नाही. ही सवय मालकांना पूर्वी उगाच वाटायची, पीस वाया जातो म्हणून. त्या दिवशी तेच पीस कामाला आले. थ्री वायरने मोजले, म्हणजे आट्यांच्या खाचांत तीन बारीक तारा ठेवून त्यांवरून मायक्रोमीटरने. १.५ पिचला बेस्ट वायर ०.८६६ ची, आणि तीच वायर असली की हिशोब सोपा, वायरवरच्या रीडिंगमधून १.२९९ वजा केले की पिच डायमीटर. म्हणजे ६जी साठी वायरवरचं रीडिंग १६.१५३ ते १६.२९३ मध्ये हवं. वायर दुसऱ्या मापाची असेल तर हा आकडा चालत नाही, तिची खरी जाडी घेऊन सूत्राने काढावं लागतं, एवढं ध्यानात ठेवा.

दिवसपाळीच्या पिसांचं रीडिंग १६.२७५ ते १६.२८७. म्हणजे पिच डायमीटर १४.९७६ ते १४.९८८. टॉलरन्सची पट्टी १४० मायक्रॉन रुंद आणि आमचे सगळे पीस वरच्या काठावरच्या १८ मायक्रॉनमध्ये चिकटलेले! मी ऑपरेटरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, गो गेला ना, मग झालं की. अजून कापून कशाला आटे ढिले करायचे?" आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात आपण दिलंय काय, तर गो आणि नोगो. सेटिंग करताना तो मोठ्याकडून लहानाकडे येतो, पाच पाच मायक्रॉन ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देत, आणि ज्या क्षणी गो सरकते तिथे थांबतो. त्यामुळे गो नोगोवर सेट केलेला प्रत्येक बाहेरचा आटा वरच्या काठाला चिकटतो. प्लेटिंग नसेल तर चालून जातं. प्लेटिंग असेल, किंवा इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) जराशी झिजली, की काठावरून पलीकडे.

आता ते ३४, ज्यांनी मला खरं झुलवलं. यांना वायरने मोजलं, प्लेटिंग झालेल्या अवस्थेत, तर रीडिंग १६.३०० च्या आसपास, पिच डायमीटर १५.००१. हद्द १५.०२६. म्हणजे २५ मायक्रॉन जागा शिल्लक असताना गो रिंग जाम. मालक म्हणाले रिंगच चुकीची आणलीस. मी एक पीस निवडला जो ताकद न लावता कसाबसा पुढे सरकत होता, आणि तो सावकाश फिरवत पार पलीकडे नेला, आणि रिंग जेव्हा पहिल्या दोन तीन आट्यांवरून पूर्ण उतरून मागच्या आट्यांवर गेली तेव्हा एकदम मोकळी, लोण्यासारखी फिरायला लागली. परत मागे आणली, पुढचे आटे रिंगमध्ये आले की परत घट्ट. म्हणजे दोष पुढच्या दोन तीन आट्यांत आहे आणि तो जाडीचा नाही, अंतराचा आहे.

रात्रपाळीचे ट्रेमधले पीस प्रोफाइल प्रोजेक्टरवर (जॉबची मोठी सावली पडद्यावर पाडून मोजायचं यंत्र) लावले. पाच पिचचं अंतर ७.५०० यायला हवं. मागच्या आट्यांत ७.५०० येत होतं. पुढच्या टोकापासून मोजलं की ७.४८५. पंधरा मायक्रॉन कमी. पिचमधली चूक रिंगला पिच डायमीटरच्या रूपात जाणवते, १.७३२ पट, म्हणजे १५ ला २६ मायक्रॉन. तेव्हा वायर म्हणते १५.००१ आणि रिंगला तो पीस १५.०२७ चा वाटतो. वायर फक्त एका जागी फ्लँकला टेकते, तिला शेजारच्या आट्याशी नातं कळत नाही. रिंग सगळे आटे एकदम धरते, तिला कळतं. म्हणून नुसत्या वायरवर किंवा नुसत्या थ्रेड मायक्रोमीटरवर बाहेरचे आटे पास करू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि नुसत्या रिंगवर सेटिंग करू नये हेही तेवढंच ठाम.

मग पिच पुढेच का चुकला? चिठ्ठ्यांवरून वेळ काढली. रात्री जेवणाच्या सुट्टीनंतरचे सत्तर पीस. प्रोग्रॅम बघितला तर थ्रेडिंगची सुरुवात दिवसा झेड ५ वरून, म्हणजे पिनेच्या टोकाच्या ५ मिमी आधीपासून, होती, रात्री झेड १.५ केलेली. कारण विचारलं तर पिन लांब असल्यामुळे रात्री रिव्हॉल्विंग सेंटर (पिनेच्या टोकाला आधार देणारं फिरतं टोक) लावलं होतं आणि होल्डर सेंटरला घासेल म्हणून सुरुवातीचा पॉइंट जवळ आणला. कारण खरं होतं. पण थ्रेडिंगला टूल थांबलेल्या अवस्थेतून वेग पकडतं, हजार आरपीएमला १.५ पिच म्हणजे मिनिटाला १५०० मिमी, तो वेग पकडून स्पिंडलशी जुळेपर्यंत थोडं अंतर लागतं, आणि ते अंतर हवेत मिळालं नाही तर जॉबवर पहिल्या आट्यांत खर्च होतं. तिथे टूल मागे राहतं, पिच कमी पडतो. किमान दोन तीन पिच मोकळी जागा हवीच, वेग जास्त असेल तर त्याहून जास्त.

आणि त्या रात्री ऑपरेटरला गो घट्ट लागली होती. त्याने काय केलं, ऑफसेट मायनस देत देत गेला, गो सरकेपर्यंत. म्हणून त्या पिसांचा वायरवरचा पिच डायमीटर दिवसाच्या पिसांपेक्षा कमी, १४.९६५ च्या आसपास. गो आणि नोगो दोन्ही पास. पिचमधली चूक त्याने नकळत आटे बारीक करून झाकली. नोगो रिंगमध्ये आटे मोजके असतात आणि ती पिचमधल्या चुकीकडे बघतच नाही, ती फक्त आटा जास्त बारीक झालाय का तेवढं सांगते. (नोगो अजिबात शिरायला नको असा एक समज आहे, तसं नाही, आयएसओ १५०२ प्रमाणे हाताने दोन फेऱ्यांपर्यंत शिरली तर चालते, आणि फेरे मोजायचे ते बाहेर काढताना. अमेरिकन स्टँडर्डच्या जॉबला तीन फेरे. कुठलं लागू आहे ते ड्रॉइंग बघून ठरवा.)

निकाल असा लागला. ते ९ पीस झिंक उतरवून परत प्लेटिंग केले, यावेळी काकांनी करंट कमी ठेवून वेळ वाढवला, थर जास्त सारखा बसला, ९ च्या ९ गेले. मटेरियल साधं, हार्डन न केलेलं, म्हणून ॲसिडमध्ये झिंक उतरवायला मी हो म्हटलं. हाय टेन्साइल बोल्ट असते तर हायड्रोजन आत शिरून ठिसूळपणा येण्याची भीती असते, तिथे मी एवढ्या सहज हो म्हटलं नसतं.

रात्रीच्या सत्तरपैकी ३४ तर रिजेक्टच. राहिले ३६, जे ६एच च्या रिंगमधून गेले होते. नियमाने पास. मालक म्हणाले पाठवून दे, गेज पास आहे. मला ते पटेना, कारण पिच चुकलेल्या पिनवर नट घट्ट केला की भार सगळ्या आट्यांवर वाटला न जाता एखाद दुसऱ्या आट्यावर येतो, आणि ही पिव्हट पिन आहे, हलणाऱ्या जोडावर बसते. बराच वेळ बोललो आम्ही. शेवटी मालक म्हणाले, "साहेबांना विचार, ते म्हणतील तसं." मी चाकणला फोन करून सगळं होतं तसं सांगितलं, प्रोजेक्टरच्या आकड्यांसकट. साहेब दोन सेकंद थांबले आणि म्हणाले ते ३६ नका पाठवू, पण बाकीचे उद्याच द्या. सत्तर पीस भंगारात गेले. ५३० पीस दुसऱ्या दिवशी दुपारी चाकणला पोचले, ६एच ची रिंग त्यांच्यासमोर लावली, आणि त्याच टेबलावर साहेबांनी ड्रॉइंगवर एक ओळ लिहून सही केली, प्लेटिंगपूर्वी ६जी, प्लेटिंगनंतर ६एच गो.

त्यानंतर या जॉबला आम्ही मशीनवर वायरचं रीडिंग १६.२०० ते १६.२५० ठेवतो, म्हणजे पिच डायमीटर १४.९०१ ते १४.९५१. थर १३ मायक्रॉन बसला तरी १५.००३, वर २३ मायक्रॉन शिल्लक, आणि खाली नोगोपासून ४७ मायक्रॉन लांब. ऑपरेटरला सेटिंगचे पहिले तीन पीस आणि मग दर तासाला एक पीस वायरवर मोजायला शिकवलं, पहिल्या दिवशी वायर सारख्या पडायच्या, आता मायक्रोमीटर स्टँडला लावून धाग्याने वायर लटकवून तो दोन मिनिटांत मोजतो. सेंटर लावायचंच असेल तर त्यासाठी लांब नाकाचा होल्डर आणलाय, सुरुवात झेड ५ वरूनच. आणि काकांनी आता जाडी मोजायला सपाट डोक्याऐवजी दर बॅचमधल्या एका पिनेवर ६एच ची रिंगच लावायला सुरुवात केलीय, ती रिंग आम्ही नवीन घेतली आणि त्यांच्याकडेच ठेवलीय, दर महिन्याला चेक प्लगला आमच्याकडे येते.